माझे गेलेले दोन इंच

मी टेप बोलतेय. शिंप्याच्या गळ्यात लोंबत असते ना, तीच. जन्मले तेव्हा साठ इंचांची होते, आता अठ्ठावन्न इंचांची आहे. ते दोन इंच कसे गेले आणि त्यांनी एका भल्या माणसाला कसं रडवलं, तेच सांगायला बसलेय. जरा ऐका. कमरेची गोष्ट आहे, तेव्हा पोट सैल सोडून बसलात तरी चालेल.

कुठल्या कारखान्यात झाले ते विचारू नका, मला आठवत नाही. जाड कापडाला पिवळा रंग फासला, त्यावर काळे आकडे छापले, दोन्ही टोकांना पितळेच्या टोप्या ठोकल्या आणि बारा बहिणींना एका पुडक्यात कोंबलं. गोंदियापर्यंत मोठी गाडी, तिथून छोट्या लाईनची डुलत डुलत चालणारी गाडी, अशी मी बालाघाटला उतरले. साल छप्पन्न. त्याच साली आमची राजधानी नागपूरहून उठून भोपाळला गेली. माणसं होती तिथंच राहिली, बोलत होती तसंच बोलत राहिली. एवढं मोठं मोजमाप झालं, पण टेप कुणी काढली नव्हती म्हणे.

मला घेतलं पुनाराम शिंप्यानं. हा मूळचा लांजीचा, बालाघाटात बाजाराच्या तोंडाशी त्याचं दुकान. सकाळी मशीनला उदबत्ती ओवाळायचा, मला गळ्यात घालायचा आणि मग दिवसभर मी सगळ्या गावाच्या गळ्यात पडायची. खरं म्हणजे कमरेत पडायची.

आणि बाई बाई, काय कमरा पाहिल्या मी! एक सांगते. मी जवळ गेले की पोट आत ओढत नाही असा माणूस मला अजून भेटायचाय. शाळेचे गुरुजी ओढायचे, ठाण्याचे हवालदार ओढायचे, किराणा दुकानदार तर श्वास रोखून डोळे वर करायचा. पुनाराम बेरकी. तो मला कमरेला लावून गप्पा मारत बसायचा. "पाऊस कसा का हाये गा तिकडं?" असं विचारायचा. माणूस उत्तर द्यायला तोंड उघडायचा, श्वास सुटायचा, पोट धपकन पुढं यायचं आणि पुनाराम खरा आकडा लिहून घ्यायचा. अशी कित्येक पोटं मी उघडी पाडली.

माझ्या सुरुवातीच्या टोकाला मात्र फार सोसावं लागलं. दर मापाला तेच टोक पकडायचं, तेच ओढायचं. पाच-सहा वर्षांत तिथलं कापड झिजून दशा निघाल्या आणि पितळेची टोपी एका दोऱ्यावर लोंबायला लागली. एके दिवशी पुनाराम जेवायला गेला असताना त्याच्या बायकोनं कात्री घेतली आणि कच्चकन माझं फाटकं टोक उडवलं. वर टोपी बसवून नीट शिवून टाकली. दोन इंच गेले की हो! दुखलं मला, पण तिला वाटलं, आपण केवढं काम केलं.

"अवं, हे का केलं तू?" पुनाराम ओरडला.

"फाटलं होतं, कापलं. आता दोन सोडून मोजा."

आणि पुनाराम खरंच दोन सोडून मोजायला लागला. माझ्यावर छत्तीस दिसले की तो चौतीस म्हणायचा. महिन्याभरात त्याला याची इतकी सवय झाली की आपण काही सोडतोय हेही तो विसरला. सवय ही अशी असते. ती माणसाच्या हातात राहते आणि डोक्यातून जाते. त्याचं काही बिघडलं नाही, पण ज्याला ती सवय नव्हती त्याचं काय?

तर त्याचीच गोष्ट. भैयालाल त्याचं नाव. शहराला लागून मोहटोला म्हणून वस्ती आहे, तिथला. एका राईस मिलच्या फाटकावर चौकीदार. दिवसभर स्टुलावर बसायचं, ट्रक आला की उठायचं, ट्रक गेला की पुन्हा बसायचं. पण दिवाळीनंतर मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरली की हाच भैयालाल मोहटोल्याच्या दंडारीत राणी व्हायचा. आमच्याकडे दंडार म्हणजे मंडईतला नाच-गाण्याचा खेळ, आणि बायकांची कामं पुरुषच करतात. चौदा वर्षं राणी म्हणजे भैयालाल. वर्षभर त्याला "ए चौकीदार" म्हणणारे लोक त्या एका दुपारी त्याच्यासाठी झाडावर चढून बसायचे. त्याच्याकडे दुसरं काय होतं सांगा? तेवढी एक दुपार.

राणीच्या कमरेला गिलटाचा पट्टा. तो दंडारीचा, जुना, नक्षीचा. बासष्टच्या मंडईत काय झालं, स्टुलावर बसून बसून भैयालालची कमर वाढलेली, पट्टा पुरेना. म्हणून दोन टोकांना सुतळी बांधली. राणीनं गिरकी घेतली आणि सुतळी तुटली! पट्टा उडाला तो थेट ढोलकीवाल्याच्या मांडीवर. माणसं हसून हसून लोळली. राणीची नवऱ्याशी ताटातूट होण्याचा प्रसंग होता, त्यात राजाही हसला.

दुसऱ्या दिवशी दंडारीचा मुखिया मोतीलाल पट्टा घेऊन पुनारामच्या दुकानात आला. मागं मान खाली घालून भैयालाल. पुनारामच्या गळ्यात त्या दिवशी मी नव्हते. माझी सवत आली होती. मीटरचं माप सुरू झालं होतं ना, म्हणून एका बाजूला इंच आणि दुसऱ्या बाजूला सेंटिमीटर अशी नवी कोरी टेप त्यानं आणलेली. मी खिळ्यावर. तिनं पट्टा मोजला. बत्तीस.

"भैयालाल, आयक," मोतीलाल म्हणाला. "चौदा वर्सं राणी तूच होतास. पण सुतळी बांधलेली राणी मले पुन्हा नाही पायजे. पट्टा आता पेटीत चालला. दसऱ्याले पेटी उघडन. बसला तं तू, नाही बसला तं लामता गावचा प्रेमलाल."

"दादा, सोनाराकडून एक कडी लावून घेऊ ना गा."

"पट्ट्याले कडी नाही लागत. माह्या बापानं नाही लावली, मी कायले लावू? पट्टा आहे तेवढाच राहीन. तूच कमी हो."

दुकानात बसलेले सगळे खो-खो हसले. भैयालालचे कान लाल झाले. मोतीलाल गेल्यावर पुनारामला त्याची दया आली. त्यानं मला खिळ्यावरून काढलं आणि त्याच्या हातात दिलं. "घे भाऊ. घरी मोजत जा. मले नवी आली, हे म्हातारी तुले राहू दे."

दोन सोडून मोज, हे सांगायचं राहिलंच. मी तिथंच होते हो, त्याच्या मुठीत! मला तोंड असतं तर ओरडले असते. पण माझं तोंड तर पुनारामच्या बायकोनं कापलेलं.

दसऱ्याला जवळजवळ वर्ष होतं, म्हणून भैयालाल लगेच कामाला लागला असं तुम्हाला वाटलं असेल. छे हो! माणसाला वर्ष मिळालं की तो अकरा महिने सुरुवातीच्या तयारीत घालवतो. थंडीत म्हणाला, थंडीत भूक लागते. मग म्हणाला, होळी होऊन जाऊ दे. मग लग्नं आली, लग्नात पंगतीला नाही म्हणता येत नाही. लग्नं संपली तेव्हा आषाढ लागला होता. मग एके सकाळी तो धानाच्या कोठीमागं लपून उभा राहिला, मला कमरेला गुंडाळलं, आणि त्याचा चेहराच उतरला. अडतीस!

खरे छत्तीस होते. पण ते मला माहीत, त्याला नाही. सगळे शेवटचा आकडा बघतात. टेप कुठून सुरू होते, ते कुणीच बघत नाही.

मग जे सुरू झालं ते काय वर्णावं! कुणी सांगितलं, पोटाला ओला गमछा घट्ट बांधून बस. त्यानं सर्दी झाली. कुणी म्हटलं, जेवण सोड. दुपारपर्यंत उपाशी राहिला आणि सांजेला दोघांचा भात एकटा जेवला. आखाड्यातल्या एका वस्तादानं उताणं पडून उठायला सांगितलं, रोज दोनशे. यानं बारा काढले, तेही मानेला झटके देऊन. तेराव्याला मान अशी धरली की दोन दिवस डावीकडून हाक मारली तर हा सगळाच्या सगळा वळायचा.

त्याची बायको तुळसाबाई. मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं, तेल गरम करून ती त्याची मान चोळत होती. त्याची सगळी धडपड कशासाठी ते तिला कळलं होतं.

"अवो, मिल बंद हाये ना पावसाची?"

"हौ, बंद हाये."

"मंग उद्या माह्यासंगं रोवणीले चाला. रोवणीवाल्या बायांचं पोट पाह्यलं का कधी सुटलेलं?"

"मी? रोवणीले? बायांच्या रांगेत?"

"काहून? मंडईत हजार लोकाइच्या पुढं लुगडं नेसता, तवा नाही वाटत लाज?"

दुसऱ्या दिवशी तो गेला. मला धोतराच्या कनवटीला खोचून घेऊन गेला, म्हणून मीही पाहिलं. रोवणी म्हणजे धानाची लावणी: गुडघाभर चिखल, आडवी रांग, आणि सगळ्यात पुढं जिजाबाई. साठीची म्हातारी, पण रांग तिच्या हाताच्या चालीनं चालायची. भैयालालला बघून ती कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "या, राणीसायब! पालखी कुठं ठेवली?" सगळ्या बायका फिसकन हसल्या.

पहिल्या तासात त्याची पाठ गेली. रोपं तिरकी, ओळ वाकडी, आणि तो दर चार रोपांमागं उठून आकाशाकडे बघायचा. शेवटी जिजाबाईलाच राहवलं नाही. "अरे बाप्पा, पाठीतून कायले वाकतस? सांजेले खाटेवर पडशील. पोट आत ओढ, श्वास सोड, मंग कमरेतून वाक. पोटानं पाठ धरली पायजे." असं म्हणून तिनं त्याच्या पोटावर चिखलाच्या हाताची एक चापट मारली. माझ्यावरही तो चिखल लागला, सव्वीस आणि सत्तावीसच्या मध्ये. अजून डाग आहे.

त्या चापटीत वस्तादाच्या दोनशे उठण्यांपेक्षा जास्त अक्कल होती. पोट आत, श्वास बाहेर, मग वाकणं. दिवसभर. घरी तुळसाबाईनं त्यात आणखी भर घातली. सकाळी पोटभर जेवा, सांजेला तांदळाची पेज. आणि वस्तादाचा व्यायाम सोडायचा नाही, पण झटके बंद. उताणं पडून पाय सावकाश वर, सावकाश खाली, आणि श्वास जिजाबाई सांगते तसा. ती चूल सारवता सारवता मोजायची. हा घाई करायला लागला की मुद्दाम पुढचा आकडा सांगायचीच नाही. पाय हवेत, हा थरथरतोय, आणि ती म्हणतेय, "थांबा, सात झाले का आठ, विसरलो मी!"

पोट पाहुण्यासारखं असतं. येतं सगळ्यांच्या आधी, जातं सगळ्यांच्या शेवटी. भैयालालचे आधी गाल गेले, मग गळा गेला, दंड गेले, आणि पोट मात्र पंधरा दिवस मजेत बसून होतं. मग हललं. पोळ्याला छत्तीस. गणपती बसले तेव्हा पस्तीस. घटस्थापनेच्या आधी चौतीस. तो कोठीमागं जाऊन मोजायचा आणि मला तिथल्याच फटीत लपवायचा. बायकोसमोर मोजायची लाज, आणि पुनारामच्या दुकानात परत जायची तर त्याहून जास्त लाज.

आणि चौतीसवर घोडं अडलं. चार दिवस चौतीस, आठ दिवस चौतीस. दसऱ्याच्या सकाळी त्यानं मला गुंडाळलं, पोट पार पाठीला लावलं, आणि तरी मी चौतीसच दाखवले. मी काय करणार? मला आखडता येत असतं तर मी दोन इंच आखडले असते. तो कोठीला टेकून खाली बसला आणि रडला. पंचेचाळीस वर्षांचा बाप्या, तोंडात गमछा कोंबून रडत होता. माझ्या आयुष्यात मला स्वतःची एवढी लाज कधी वाटली नाही. जे करायचं ते सगळं त्यानं केलं होतं. तो पास झाला होता आणि मी त्याला नापास करत होते.

डोळे पुसून तो मला खिशात घालून मोतीलालच्या अंगणात गेला. पेटी बाहेर काढली होती, झेंडूचे हार घातले होते. सगळी दंडार जमलेली. बायकाही होत्या, त्यात तुळसाबाई. राणीचं नवं पोलकं घेऊन पुनाराम आला होता. आणि एका बाजूला लामत्याचा प्रेमलाल, सकाळच्या गाडीनं आलेला, केसांना तेल लावून.

"दादा," भैयालाल म्हणाला, "नाही झालं. चौतीसच्या खाली नाही आलो. पट्टा प्रेमलालले द्या."

कुणी हसलं नाही. तुळसाबाईनं चटकन त्याच्याकडे पाहिलं. मोतीलालनं बराच वेळ हार नीट केले. मग म्हणाला, "ठीक हाये. पण रीत करा लागन. तुह्या कमरेले लाव, अन् तुह्याच हातानं काढून त्याले बांध."

रीतच होती तशी. जुन्या राणीनं पट्टा शेवटचा एकदा लेवून, आपल्या हातानं उतरवून नवीला बांधायचा.

"नाही बसणार दादा. सुतळी लागन," भैयालाल हळूच म्हणाला.

"लाव तं खरा."

त्यानं डोळे मिटले आणि पट्टा मागून पुढं आणला. पोटही ओढलं नाही. हरलेला माणूस पोट कशाला ओढेल? आणि कट्! पट्ट्याची दोन्ही टोकं एकमेकांत अडकली.

भैयालालनं डोळे उघडले, खाली पाहिलं. पट्ट्यात बोट घालून पाहिलं. "हा पट्टा बदलला का गा कोणी?" त्यानं विचारलं. बिचारा! एवढ्या मेहनतीनंतर त्याला स्वतःवर नाही, पट्ट्यावर संशय आला.

"कशानं मोजलं तू?" पुनाराम पुढं आला. भैयालालनं मला खिशातून काढलं. पुनारामनं मला पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. "अरे बाप रे! दोन सोडले नाही का तू?"

"काय दोन सोडले?"

पुनारामनं माझं कापलेलं टोक सगळ्यांना दाखवलं. पहिलाच आकडा तीन! मग जो हशा पिकला म्हणता! मोतीलाल पेटीवर बसूनच हसला. भैयालाल मात्र हसत हसत रडायला लागला, आणि पट्टा काही सोडेना, दोन्ही हातांनी धरून उभा. प्रेमलाल दोन्ही बाजूंनी पाहत म्हणाला, "मंग मी दुपारच्या गाडीनं जाऊ का गा?" मोतीलालनं त्याला थांबवून राणीची सखी केलं.

"पण तुम्ही मले काहून नाही सांगतलं मोजून राह्यले तं?" तुळसाबाईनं घरी विचारलं. त्यानं मला हळूच खिळ्याला अडकवलं.

त्या वर्षीच्या मंडईत तो मला पट्ट्याखाली कमरेला बांधून उभा राहिला. अपशकुनी म्हणून फेकून द्यायची सोडून मला जवळ घेतलं त्यानं. खेळात राजानं हाकललेली राणी मजुरीनं रोवणीला जाते. आधीची चौदा वर्षं तो तिथं नुसती लचकत लचकत रोपं लावल्यासारखं करायचा आणि लोक शिट्ट्या मारायचे. त्या दुपारी त्यानं पोट आत घेतलं, श्वास सोडला, कमरेतून वाकला. रांगेनं रोवत गेला. मग सावकाश उठला, एक हात पाठीला लावला, आणि बांध अजून किती लांब आहे ते डोळ्यांवर हात धरून पाहिलं. पुन्हा वाकला. शिट्टी एकही वाजली नाही.

बायकांच्या घोळक्यातून जिजाबाईचा आवाज आला, "माय वं! थे तं आपली तुळसा होय!"

खरंच तशीच उठायची तुळसाबाई. तोच हात पाठीला, तसंच बांधाकडे बघणं. पंधरा वर्षांच्या संसारात त्यानं ते कधी पाहिलं नव्हतं. दीड महिना तिच्या शेजारी चिखलात उभा राहिला तेव्हा दिसलं. तुळसाबाईनं पदर तोंडाला लावला. हसत होती का रडत होती, मला पट्ट्याखालून नीट दिसलं नाही.

ती धरून सहा मंडया त्यानं केल्या. मग एका दसऱ्याला पट्टा बसत असतानाही आपल्या हातानं उतरवून प्रेमलालच्या कमरेला बांधला. म्हणाला, "आता सखी राणी झाली." ते साल एकोणसत्तर. आज पंचाहत्तर आहे. प्रेमलाल अजून राणी आहे, आणि मोतीलालच्या पेटीत तोच पट्टा, कडी न लावलेला.

मी भैयालालच्या घरी देवळीशेजारी खिळ्याला आहे. आकडे पुसत चाललेत, पितळ काळं पडलंय. फार दिवस राहिले माझे असं वाटत नाही. जाता जाता एकच मागते. मोजा, खुशाल मोजा, पण आपण कमी पडलो असं ठरवण्याआधी टेप कुठून सुरू होते तेवढं बघत जा. कुणाला नापास करायचं पाप पुन्हा माझ्या माथी नको.

परवा दसरा झाला. दर दसऱ्याला तुळसाबाई मला खिळ्यावरून काढते आणि नवऱ्याच्या कमरेला गुंडाळते. आता कोठीमागं नाही, अंगणात, सगळ्यांसमोर. भैयालालनं नेहमीप्रमाणे पोट आत ओढलं. तीही पुनारामची चेली, थांबून राहिली. "सांजेले काय करू, पुरणपोळी का पेज?" तिनं विचारलं.

"पुरणपोळी!" तो म्हणाला, आणि श्वास सुटला.

"बेचाळीस," तुळसाबाई म्हणाली.

"दोन सोड ना वं."

"सोडले. चाळीस झाले."

भैयालालनं जरा विचार केला, माझ्या कापलेल्या टोकावरून अंगठा फिरवला आणि अगदी गरीब तोंड करून म्हणाला, "पुनारामच्या बायकोकून आणखी आठ इंच कापून आणतो का मंग?"

"कापून आणसान तं पन्नास दिसन," ती म्हणाली. "त्यापेक्षा खाली पडा अन् पाय वर करा. मोजतो मी."

आणि तो खरंच अंगणात उताणा पडला, साठीच्या जिजाबाईनं कधीच्या काळी शिकवलेला श्वास सोडला आणि पाय सावकाश वर केले. तुळसाबाई सातवर येऊन थांबली. पुढचा आकडा ती पुन्हा विसरली होती.